देवळालीतली थ्री-नॉट-थ्री: ठसे वाचायला मदत हवी आहे

उपनगरनाका

मंडळी, देवळाली कॅम्पात माजी सैनिकांचं एक छोटं सभागृह आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. व्यासपीठाशेजारी काचेच्या पेटीत एक थ्री-नॉट-थ्री ठेवलेली आहे आणि खाली पितळी पाटी: ‘कुट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीतील शूर शिपायाने वापरलेली रायफल’. पुढे शिपायाचं नाव. (कुट म्हणजे मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं गाव. पहिल्या महायुद्धात तुर्कांनी तिथे ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं होतं.) त्यांचे पणतू माझ्या ओळखीचे आहेत. सध्या सभागृहाचं रंगकाम चालू असल्याने पेटी उघडली होती आणि समितीने ठसे टिपून घ्यायला परवानगी दिली. रायफल निकामी केलेली आहे, त्याचा कागद समितीकडे आहे. तेव्हा ‘तुम्हाला आत टाकतील’ छापाचे प्रतिसाद नकोत.

जे दिसलं ते असं:

बोल्टच्या दांड्याखाली, बटाच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याच्या) गळ्यावर उजवीकडे मुकुट. त्याखाली जी.आर., मग बी.एस.ए. को., मग १९१७, मग एस.एच.टी.एल.ई., शेवटी रोमन तीन आणि तारा.

नळीच्या मुळाशी ४३ हा आकडा, आणि एक बाण ज्याच्या खाली इंग्रजी आय. नळीवर आणि बॉडीवर नंबर एकच. बोल्टवर वेगळा. पुढच्या नोजकॅपवर (नळीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपीवर) तिसराच. मागच्या साइटच्या (नेम धरायच्या) पट्टीवर एक नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी दुसरा ठोकलाय.

डावीकडे मोठ्या अक्षरांत डी.पी. बटाच्या लाकडावरही तेच. चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) आरपार भोक. बटाच्या उजव्या बाजूला जुन्या रुपयाएवढी गोल खाच, ती लाकडाच्या तुकड्याने बुजवलेली.

यातून रायफल कुठून कुठे फिरली ते सांगता येईल का? पणतूंना ‘आमच्या पणजोबांची रायफल’ यावर लिहायचं आहे.

मेनरोडचा_बंड्या

१९१७ सालची रायफल १९१६ च्या वेढ्यात? पलटणीकडे टाइम मशीन होतं का?

उपनगरनाका

बंड्या, तेच मलाही खटकलं, म्हणून तर धागा काढला. पण १९१७ हे दुरुस्तीचं साल असू शकतं ना? मूळ रायफल आधीची, नंतर कुणीतरी ठसा मारला, असं?

धातूवेडा

नाही. सविस्तर लिहितो, कारण सातपूरच्या टूलरूममध्ये जन्म गेला आणि पंच मारलेलं काहीही दिसलं की मला राहवत नाही.

गळ्यावरचा तो मजकूर म्हणजे जन्मदाखला. राजाचं चिन्ह, कारखाना, साल, जात. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, तीच ती मोटारसायकलवाली. (त्यांच्या गाडीच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली असायच्या, जुन्या बुलेटवाल्यांना आठवेल.) जी.आर. म्हणजे पंचम जॉर्ज. दुरुस्तीचं साल या ओळीत येत नाही, ते दुसरीकडे ठोकतात. शिवाय तुम्ही दिलेली जातच साल पक्कं करते. शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क तीन १९०७ ची. त्यावर तारा आला १९१६ मध्ये. युद्धात उत्पादन वाढवायचं होतं म्हणून दोन-तीन गोष्टी काढून टाकल्या, त्याची खूण तो तारा. काय काढलं ते तुम्हीच बघा: लाकडाच्या डाव्या बाजूला लांब पल्ल्याच्या साइटची तबकडी आहे का? उजवीकडे मॅगझिनच्या वर, बंद-चालू करायची सरकती पट्टी आहे का, निदान तिची फट?

उपनगरनाका

दोन्ही नाहीत. फटही नाही, अंग सपाट आहे.

धातूवेडा

मग संपलं. बॉडी १९१७ चीच आहे, मागून तारा ठोकलेली जुनी नाही. जुनीला फट असते आणि ती भरून काढली तर भिंगाखाली लपत नाही.

आता पुढचा प्रवास. ४३ हे नळीचं साल. नळी झिजते, बदलावी लागते. म्हणून मूळ नळी जाऊन १९४३ ची आली. नवी नळी बसवली की तिच्यावर बॉडीचाच नंबर ठोकतात, म्हणून ते दोन जुळतात. बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची जुनी खूण. खाली आय असला की हिंदुस्थान सरकार. कॅनडाचा बाण सी अक्षराच्या पोटात असतो, ऑस्ट्रेलियाचा दोन डींच्या मध्ये.

बोल्टचा नंबर न जुळणं मात्र महत्त्वाचं. ली-एनफिल्डचा बोल्ट त्याच रायफलला बसवून, तपासून मग त्यावर नंबर घालतात. न जुळणारा बोल्ट म्हणजे डेपोत दहा-वीस रायफली एकदम उघडल्या आणि जोडताना हाताला येईल तो उचलला. नोजकॅप आणि साइटची तीच कथा. तुमच्या पेटीत एक रायफल नाही हो, निदान चार रायफलींची पंगत बसलीय.

एक फोटो हवाय. मॅगझिनच्या पुढे, खालच्या लाकडातून आडवा आरपार गेलेला स्क्रू दिसतो का?

उपनगरनाका

दिसतो. दोन्ही बाजूंना. लाकूडही बटापेक्षा वेगळ्या रंगाचं आहे. आणि धातूवर जाड काळा रंग आहे, काही ठसे त्यात बुजलेत.

धातूवेडा

तो स्क्रू इशापूरचा. पश्चिम बंगालमधली रायफल फॅक्टरी. पुढचं लाकूड धक्क्याने फाटू नये म्हणून त्यांनी तो घालायला सुरुवात केली, आणि जगभरचे संग्राहक त्याला इशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. काळा रंगही भारतीय दुरुस्तीचाच नमुना. म्हणजे बर्मिंगहॅमला जन्म, नंतर हिंदुस्थान सरकारच्या खात्यावर, मग इथल्या डेपोत नवी नळी आणि नवं लाकूड.

इशापूरलाच जन्मलेली असती तर गळ्यावर जी.आर.आय. आणि इशापूर असं नाव असतं. प्रजासत्ताकानंतरच्यांवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आलं.

बुजलेले ठसे वाचायला पॉलिश पेपर, वायर ब्रश, ब्रासो यातलं काहीही वापरू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खोलगट अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळी पडते. टॉर्च हळूहळू गोल फिरवा. एका कोनात जो ‘तीन’ दिसतो तो दुसऱ्या कोनात ‘आठ’ निघतो, म्हणून चारी बाजूंनी फोटो काढा. तरी जमलं नाही तर साधा पांढरा खडू हलक्या हाताने फिरवून कोरड्या फडक्याने वरवर पुसा.

मेनरोडचा_बंड्या

काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

काळ्यारामाचा_शेजारी

पण हे सगळं बनावट नसेल कशावरून? खैबर खिंडीत गावठी कारागीर हुबेहूब एनफिल्ड बनवतात असं वाचलंय.

धातूवेडा

बनवतात, आणि हात चांगलाच असतो त्यांचा. पण अक्षरओळख नसते, पुढ्यातल्या रायफलीवरचा ठसा बघून चित्रासारखा काढतात. मग इंग्रजी एन उलटा पडतो, एनफिल्डचं स्पेलिंग घसरतं. सगळ्यात मजेशीर म्हणजे मुकुटाखाली व्ही.आर. आणि साल १९१४ वगैरे. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला वारली! कारखान्यातले ठसे एकसंध पंचाने एका ठोक्यात बसतात, त्यांच्या कडा सरळ असतात. गावठी अक्षर छिन्नीने रेघ रेघ जोडून काढलेलं असतं, जोडाच्या जागी पायऱ्या दिसतात. इथल्या फोटोत तसं काही नाही. ही अस्सल आहे. कुटची नाही, एवढंच.

निवृत्त_हवालदार

राम राम मंडळी. तोफखान्यात नोकरी झाली, निवृत्तीनंतर नाशिकरोडलाच राहतो. डी.पी. बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज. फायरिंगला नालायक ठरलेली, फक्त कवायतीची. शाळा-कॉलेजांत एन.सी.सी.च्या पोरांनी खांद्यावर वागवली ती हीच. चार किलोच्या आसपास वजन, सलामी शस्त्र करताना पोरांचे हात थरथरायचे. चेंबरला भोक त्यासाठीच असतं, कुणी चुकून खरी गोळी घालू नये म्हणून. हा ठसा बसला की ती परत फौजेच्या फायरिंग लाइनवर येत नाही.

आता पाटीबद्दल. एक गोष्ट साध्या अकलेने कळते, ठसे वाचायचीही गरज नाही. शिपाई रायफल घरी नेत नाही. ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा होते, नंबर वाचून, सही घेऊन. हरवली तर कोर्ट मार्शल. त्यात कुटच्या पलटणींनी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली, सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. कैदेतून माणूस परत आला हेच नशीब. रायफल कुठून येणार?

आणि ‘अमक्या शिपायाची रायफल’ असं काही लढाईत टिकतही नाही. १९१४ ला आपली फौज फ्रान्सला गेली तेव्हा मार्सेय बंदरावर उतरल्या उतरल्या हातातल्या रायफली काढून घेतल्या आणि नव्या नमुन्याच्या दिल्या, कारण नवा दारूगोळा जुनीला चालत नव्हता. घरून जी घेऊन निघाला तीसुद्धा लढाईत त्याच्या हातात नव्हती.

बटाच्या मागची पितळी झडप उघडून बघितली का? आत तेलाची बाटली आणि फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ठेवायची जागा असते.

उपनगरनाका

हवालदार काका, उघडली! फुलथ्रू नाही. पण पितळी तेलाची बाटली आहे, बोटाएवढी, झाकणाला आतून चमचा. तेल वाळून गोंदासारखं झालंय. आणि एक फ्लॅनेलची चिंधी, इतकी कडक की घडी मोडत नाही.

निवृत्त_हवालदार

चिंदीच म्हणायचो आम्ही. ती फेकू नका आणि बाटली घासू नका. तशीच परत आत ठेवा.

अशोकस्तंभ_चौक

नाशिकचा विषय आणि हत्याराचा विषय, तरी कुणाला २१ डिसेंबर १९०९ आठवलं नाही? विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन, अनंत कान्हेरे. लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक. त्या पिस्तुलांचा प्रवास शोधा की, खरा इतिहास तो.

काळ्यारामाचा_शेजारी

झालं, आता या धाग्याचं काश्मीर होणार.

नाशिकचा_भाचा

एक शंका. चेंबरचं भोक वेल्डिंगने बुजवलं तर ही परत

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवून बाकीचा उडवला आहे. अशा प्रश्नांना इथे जागा नाही. जॅक्सन प्रकरणासाठी वेगळा धागा काढावा. तसंच कुणीही कुठल्याही शस्त्राचा पूर्ण नंबर लिहू नये, फोटोतही शेवटचे आकडे झाका.

निवृत्त_हवालदार

संपादकांशी सहमत. .३०३ हा निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणून तर इशापूरने तीच यंत्रणा घेऊन .३१५ ची रायफल काढली, शेतकऱ्यांच्या परवान्यावर दिसते ती. कुणाच्या घरात आजोबांच्या पश्चात हत्यार निघालं तर ठसे बिसे नंतर. आधी जवळचं पोलीस ठाणे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता, तिथे जमा करून पावती घ्या. मग वारसाने परवान्याचा अर्ज करा.

पोलीसपुत्र

वडील ग्रामीण पोलिसांत होते. त्यांच्या मुख्यालयात थ्री-नॉट-थ्रीसारखीच दिसणारी पण एका वेळी एकच काडतूस घेणारी ‘मस्केट’ होती. ती काय भानगड?

धातूवेडा

तीही ली-एनफिल्डच. .४१० बोअर. इशापूरला जुन्या रायफली घेऊन नळी गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी. पल्ला कमी, आणि चोरीला गेली तरी लष्करी काडतूस तिला चालत नाही. सरकारचा हिशेब सरळ होता.

पोलीसपुत्र

धन्यवाद. थ्री-नॉट-थ्री तर २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवरही आपल्या पोलिसांच्या हातात होती. उत्तर प्रदेशने २०२० च्या २६ जानेवारीच्या संचलनात तिला निरोप दिला तेव्हा वडील टीव्हीसमोर उठून उभे राहिले होते.

उपनगरनाका

पणतूंना धागा दाखवला. दुखावलेत. त्यांचं म्हणणं, रायफल खोटी म्हणजे पणजोबा कुटला नव्हते असाच अर्थ लोक काढणार. ‘निदान बट तरी त्या काळचा असेल ना’ असंही विचारलं. ती बुजवलेली गोल खाच काय आहे?

धातूवेडा

तिथे पितळी चकती असायची. पलटणीचं नाव संक्षेपात आणि रॅकचा नंबर तिच्यावर ठोकत. पलटण सांगणारी एकमेव जागा तीच, आणि तुमच्याकडे नेमकी तीच गेलीय. बट आधीचा असेलही. पण असला तरी कुठल्या पलटणीचा ते लाकडाच्या बुचावरून कळणार नाही. ठसा सांगतो तो कारखाना आणि डेपो. लढाई तो सांगत नाही, कधीच नाही.

गोदाकाठची

इतका वेळ नुसती वाचत होते. पुराभिलेखांशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे, म्हणून थोडं.

तुम्ही सगळे चुकीच्या लोखंडाकडे बघताय. पणतूंना विचारा, घरात पदकं आहेत का. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. रायफल सरकारची असते, पदक माणसाचं असतं. वॉर मेडल चांदीचं असेल तर लढणारा शिपाई. तेच ब्राँझचं असेल तर लढाऊ नसलेल्या मजूर-हमालांच्या तुकड्यांतलं. तीही माणसं मेसोपोटेमियात मेली, त्यांची पाटी कुणी लावत नाही हे सोडा.

आणि तिसरं, चांदणीच्या आकाराचं पदक आहे का ते नीट शोधा. १९१४-१५ चा स्टार. तो ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळाला. कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला. वेढ्यात असलेल्या माणसाकडे तो स्टार असायलाच हवा. मागच्या बाजूला नाव आणि पलटण असते.

पलटणीही जुळवून बघा. सहाव्या पुणे डिव्हिजनमधून कुटला अडकल्या त्या मराठा पलटणी म्हणजे १०३, ११० आणि ११७. पदकावर १०५ किंवा ११६ असेल तर ‘कुट’ म्हणताना दहादा विचार करा. १९२२ च्या फेररचनेत या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. त्यामुळे नंतरच्या कागदांत जुने आकडे सापडत नाहीत आणि घरोघरी गोंधळ होतो.

उपनगरनाका

ताई, पदकं आहेत! देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, जुन्या पंच्यात गुंडाळलेली. दोन गोल आणि एक चांदणी. वॉर मेडल चांदीचं. दरवर्षी दसऱ्याला चिंच लावून घासतात, त्यामुळे कडेवरची अक्षरं पार गुळगुळीत झालीत. पण चांदणीची पाठ कुणी घासली नव्हती. टॉर्च आडवा धरला (धातूवेडा काका, आभार) आणि चार आकडी नंबर, सिपॉय, नाव, आणि ११० मराठाज असं स्वच्छ दिसलं.

मेनरोडचा_बंड्या

आयला! अंगावर काटा.

गोदाकाठची

सुंदर. ११० वी अठराव्या ब्रिगेडमध्ये होती, कुटमधल्या फौजेचा सेनापती टाउनशेंड, त्याच्या हाताखाली. म्हणजे हे गृहस्थ १९१५ संपायच्या आत रणभूमीवर आणि त्यांची पलटण वेढ्यात, इतकं पक्कं झालं. ते स्वतः वेढ्याच्या आत होते का, हे यावरून ठरत नाही. जखमी किंवा आजारी होऊन आधीच बसऱ्याला नेलेलेही होते. ते कैदेतून परत आले असं घरात बोललं जातं का?

उपनगरनाका

हो. पणतूंच्या आजी सांगायच्या, ते ‘तुर्काच्या मुलखातून’ परत आले आणि नंतर आयुष्यभर ताटात एक दाणा टाकला नाही.

गोदाकाठची

मग डिस्चार्जचा कागद शोधा, आणि चार आकडी नंबर घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलं तर बरं. नंबराशिवाय लिहिलेल्या पत्राचं काही होत नाही, एका पलटणीत एकाच नावाची पाच-पाच माणसं असतात. पलटणीच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपाई बहुतेक आकड्यांतच. बसरा स्मारकावरही तेच झालं, ४० हजारांवर मृतांचं स्मारक, पण भिंतीवर हिंदी शिपायांचे फक्त पलटणवार आकडे.

निवृत्त_हवालदार

आणि चिंच बंद करायला सांगा त्यांना. यंदाच्या दसऱ्यापासून. कोरड्या सुती कापडाने पुसायचं, बस्स.

काळ्यारामाचा_शेजारी

मग ती रायफल सभागृहात आली कुठून?

उपनगरनाका

समितीच्या चिटणीसांनी जडवस्तू संग्रह नोंदवही काढली. त्यात एक ओळ आहे: ‘कवायती रायफल, निकामी, शोभेकरिता, १ नग’. एका शाळेकडून आली. कुटचा उल्लेख नाही, कुणा शिपायाचाही नाही. पाटी नंतर कधीतरी लागली, रायफल मोकळी दिसते म्हणून बहुधा, आणि नाव त्या वेळच्या सभासदांपैकी कुणाला तरी आठवलं ते टाकलं.

धातूवेडा

एका शाळेतून देवळालीला, हे ठशांशी तंतोतंत जुळतं. मी पाटी अशी सुचवतो: ‘शॉर्ट ली-एनफिल्ड रायफल, मार्क तीन तारा. निर्मिती बर्मिंगहॅम १९१७. नळी १९४३. नंतर भारतात दुरुस्त व कवायतीसाठी वापरात.’ आणि पेटीत शेजारी त्या चांदणीचा मोठा फोटो, नाव आणि पलटणीसह. मूळ पदक घरीच राहू द्या.

गोदाकाठची

+१. फोटो पाठीचा लावा, पुढचा नको.

उपनगरनाका

पणतू तयार आहेत. अध्यक्षांना मात्र पाटीवर ‘कवायती’ नकोय, म्हणतात प्रमुख पाहुणे येतात, बरं दिसत नाही. रविवारी बैठक आहे. हवालदार काका, तुम्ही आलात तर तुमचं ऐकतील.

निवृत्त_हवालदार

येतो. वेळ आणि पत्ता व्यनि करा. अध्यक्षांनीही डी.पी. खांद्यावर घेऊनच कवायत शिकली असेल, तेवढं विचारतो.